विश्लेषण : एअरगनसाठी स्वस्त दुर्बीण कोणती, ती ‘झिरो’ कशी करायची आणि नेम ससा-तितरावर का धरता येत नाही?

मोबाइलवरच्या खरेदी अ‍ॅपवर ‘एअरगन स्कोप’ असे शोधले की काही सेकंदांत शेकडो दुर्बिणी समोर येतात. ४×३२, ३-९×४०, ६-२४×५० असे आकडे, लाल-हिरवे दिवे आणि खोक्यावर बहुतेक वेळा एखाद्या प्राण्याचे चित्र. अमरावती, अकोल्यासारख्या शहरांतही हौसेने एअरगन घेणारे तरुण आहेत. दुसरीकडे तूर-हरभरा रानडुकरांपासून वाचवण्यासाठी वावरात जागल करणारे शेतकरी आहेत. दोघांच्याही मनात एकच प्रश्न येतो : बंदुकीवर दुर्बीण बसवली, की काम होईल का?

याचे उत्तर दोन भागांत आहे. कागदी लक्ष्यावर नेमबाजी करायची असेल, तर साधी, कमी किमतीची दुर्बीणही उत्तम काम देते. फक्त ती नीट निवडावी आणि नीट ‘झिरो’ करावी लागते. मात्र, तीच दुर्बीण ससा, तितर किंवा रानडुकरावर रोखली, तर प्रकरण थेट वन्यजीव कायद्यात जाते. एअरगनला परवाना लागत नाही, याचा अर्थ शिकारीला परवानगी आहे असा होत नाही. या दोन्ही बाजू सविस्तर जाणून घेऊ.

एअरगनला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या एअरगनच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत (दुकानात ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात तो) आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आहे, ती घेण्यासाठी शस्त्र परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, तरी परवान्याचा प्रश्न येतो. ‘पॉइंट टू टू’ म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअरगन म्हणूनच या सवलतीत बसत नाही. खरेदी करताना बिल, ओळखपत्राची प्रत आणि ऊर्जेची मर्यादा लिहिलेला कागद जपून ठेवणे शहाणपणाचे.

परवाना लागत नाही म्हणून ती कुठेही घेऊन फिरता येते, असेही नाही. सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाई आदेश निघतात. अभयारण्याचा नियम तर त्याहून कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. या कायद्यातली ‘शस्त्रा’ची व्याख्या फार रुंद आहे. बंदूकच नव्हे, तर धनुष्यबाण, जाळे, फासा आणि प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन त्यात येते. त्यामुळे चिखलदऱ्याला सहलीला जाताना गाडीत ‘फक्त एअरगन’ आहे, हे कारण मेळघाट, नरनाळा किंवा काटेपूर्णा अभयारण्याच्या नाक्यावर चालणार नाही.

छोट्या प्राण्यांची शिकार पूर्वी चालायची, आता का नाही?

जुन्या पिढीतले लोक शिकारीच्या परवान्याच्या आठवणी सांगतात, त्यात तथ्य आहे. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला तेव्हा त्यात ‘छोट्या शिकारी’च्या परवान्याची वेगळी तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे हे परवाने कायद्यातून काढून टाकले. तेव्हापासून देशात हौसेची शिकार नावाची कायदेशीर गोष्ट उरलेली नाही.

आजच्या स्थितीचे मुख्य मुद्दे असे :

- २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२३) संरक्षित प्राणी-पक्षी अनुसूची १ आणि २ मध्ये आहेत. ससा, तितर, रोही, रानडुक्कर हे सगळे संरक्षित आहेत. मोर, काळवीट, चिंकारा हे तर अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात आहेत.
- पूर्वीची ‘उपद्रवी प्राण्यां’ची स्वतंत्र अनुसूची या दुरुस्तीत काढून टाकण्यात आली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्राला तशी अधिसूचना ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीसाठी काढावी लागते.
- ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नव्हे. जखमी करणे, पकडणे, फासा लावणे, हाकारा करणे, आमिष लावणे आणि यातला प्रत्येक प्रयत्न शिकारच मानला जातो. पक्ष्यांची घरटी व अंडी यांचे नुकसानही त्यात येते. छर्रा चुकला, तरी गुन्हा चुकत नाही.
- शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधील प्राणी असेल तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.
- गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले शस्त्र आणि वाहन सरकारजमा होते. एअरगन, दुर्बीण आणि दुचाकी, तिन्ही त्यात जाऊ शकतात.

गल्लीतली कुत्री, गुरे यांच्यावर ‘सराव’ करणाऱ्यांसाठीही वेगळा कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे किंवा अपंग करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाइलवर काढून टाकलेला व्हिडिओ अशा प्रकरणांत पुरावा ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

मग पिकाचे काय? रानडुकरावर एअरगन चालेल का?

वऱ्हाडात हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांपासून पातूर, बार्शीटाकळीच्या जंगलालगतच्या शिवारापर्यंत रोही आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतात. तरीही एअरगन हे त्यावरचे उत्तर नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी साधा हिशेब तेच सांगतो.

एअरगनचा एक छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. तो २०० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे १० ज्यूल भरते. कायद्याची कमाल मर्यादाच २० ज्यूल आहे. तुलनेसाठी, परवाना लागणाऱ्या सर्वांत लहान ‘पॉइंट टू टू’ रायफलच्या गोळीत १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. जाड कातडी आणि त्याखाली चरबीचा थर असलेल्या, माणसापेक्षा वजनदार रानडुकराला छर्‍याने फार तर जखम होते. जखमी डुक्कर पळून जाते, जखम चिघळते किंवा ते उलटून अंगावर येते. दुर्बिणीने नेम सुधारतो, छर्‍याची ताकद वाढत नाही.

कायदेशीर मार्ग वेगळा आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार एखादा प्राणी जीवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासहित परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत अशी परवानगी देण्याची पद्धत शासन निर्णयाने घालून दिलेली आहे. त्यासाठी शेतकऱ्याने वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्यायची असते. परवानगी मिळाली तरी ती अटींसह असते. मेलेला प्राणी ही सरकारी मालमत्ता असते, मांस वाटून घेता येत नाही.

शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणाचा उल्लेख आहे, पण तो ठासणीच्या म्हणजे भरमार बंदुकीच्या परवान्यासाठी. त्या बंदुकीवर दुर्बीण बसवण्यात काही अर्थ नसतो.

या विषयावर देशात वादही झाले आहेत. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर एक वर्षासाठी उपद्रवी ठरवले. त्यानंतर जून २०१६ मध्ये मोकामा भागात २०० हून अधिक नीलगायी मारण्यात आल्या आणि केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर मतभेद झाले. म्हणजे सरकारी परवानगीने झालेली मोहीमही सहज पचत नाही. एकट्यादुकट्याच्या एअरगनची तर बातच नाही.

शेतकऱ्याच्या हाती तातडीने असलेले मार्ग तीन. पीक नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे लगेच करणे आणि पंचनामा होईपर्यंत नुकसानीचे फोटो जपणे. वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर कळवणे. आणि जंगलालगतच्या गावांसाठी असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाबाबत चौकशी करणे. कुंपणात घरगुती विजेचा थेट प्रवाह सोडणे मात्र बेकायदा आणि माणसांसाठीही जीवघेणे आहे.

मग दुर्बीण कशासाठी?

कागदी लक्ष्य, रिकामे डबे, फिरती लोखंडी चकती अशा निशाणेबाजीसाठी. यातून श्वास, हात आणि चाप यांवरचा ताबा येतो. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बीण चालत नाही. तिथे बारीक छिद्रातून पाहायचे ‘पीप साइट’ असते आणि लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अभिनव बिंद्राचे २००८ चे सुवर्ण आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे २०२२ चे विश्वविजेतेपद याच प्रकारातले. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले, तेही दुर्बिणीशिवाय.

त्यामुळे स्पर्धेत उतरायचे असेल, तर पैसे दुर्बिणीवर घालण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रशिक्षणाची चौकशी करावी. सुरुवातीच्या खेळाडूंसाठी ‘ओपन साइट’ प्रकारही असतो. घरच्या हौसेसाठी मात्र दुर्बीण उपयोगी आहे. विशेषतः ज्यांना नळीवरची माशी आणि लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, अशा चाळिशीपुढच्यांना.

४×३२ आणि ३-९×४० या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४×३२ म्हणजे चारपट आणि ३२ मिलिमीटरचे भिंग. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पटींत बदलता येणारी, ४० मिलिमीटर भिंगाची.

मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो ८ मिलिमीटर आहे. ३-९×४० नऊ पटीवर नेली, की तो सुमारे ४.४ मिलिमीटर होतो. २४ पट आणि ५० मिलिमीटर असेल, तर जेमतेम २. हा गोल जितका लहान, तितके चित्र अंधूक आणि डोके थोडे हलले तरी काळोख. शिवाय पट वाढली, की हाताचा थरथराटही तितक्याच पटीने वाढलेला दिसतो. १० ते ३० मीटरच्या निशाणेबाजीला चारपट पुरेशी आहे.

कमी पैशांत घेताना काय पाहायचे?

प्राधान्यक्रम असा ठेवावा :

१. ‘एअरगनसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का? स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का विचित्र असतो. चाप ओढला की बंदूक आधी मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की पुढे झेपावते. बंदुकीच्या गोळीचा धक्का फक्त मागे असतो, म्हणून साध्या दुर्बिणी तेवढ्यासाठीच मजबूत केलेल्या असतात. दोन्हीकडचा धक्का सहन न झाल्याने त्यांच्या आतली भिंगे सुटतात. आधीच दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी एअरगनला हा त्रास जवळपास नाही.

२. जवळच्या अंतरावर फोकस होतो का? अनेक रायफल दुर्बिणी कारखान्यात १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटरसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर त्यातून चित्र धूसर दिसते आणि ‘पॅरॅलॅक्स’ येतो. दुचाकीवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर दिसतो, तसलाच हा प्रकार. डोळा जरा सरकला, की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा वाटतो. पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवण्याची कडी (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) असेल, तर हा दोष दूर करता येतो. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील, तर ते पटीसाठी नव्हे, या कडीसाठी द्यावेत.

३. माउंट कोणत्या रुंदीचे? बऱ्याच एअरगनवर ११ मिलिमीटरची खाच असते, तर रायफलींवर रुंद पट्टी. बंदुकीची खाच मोजूनच माउंट घ्यावा. दुर्बिणीच्या नळीचा व्यास सहसा २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच असतो. रिंगा तेवढ्याच हव्यात. स्प्रिंगच्या बंदुकीवर माउंट मागे सरकू नये म्हणून अडवणारी पिन (स्टॉप पिन) हवीच.

४. दिवे, लेझर, रंगीत क्रॉस यांची दिवसाच्या सरावाला गरज नाही. तेवढ्याच किमतीत दिवे नसलेली, पण भिंगे चांगली असलेली दुर्बीण घ्यावी.

घरी आल्यावर, बंदुकीवर बसवण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचा करून दुर्बीण त्यात ठेवावी. समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉस आणून दुर्बीण हळूहळू स्वतःभोवती फिरवावी. क्रॉस खुणेभोवती छोटे वर्तुळ काढत असेल, तर घुंड्या फिरवून ते कमीत कमी करता येते. कितीही जुळवले तरी वर्तुळ मोठेच राहत असेल किंवा आतून खडखड आवाज येत असेल, तर परत करण्याच्या मुदतीत दुर्बीण परत करावी.

‘झिरो’ करणे म्हणजे नेमके काय?

दुर्बीण नळीच्या साधारण ४ सेंटीमीटर वर बसते. म्हणजे डोळ्याची रेषा आणि छर्‍याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याची रेषा सरळ जाते. छर्रा सुटल्यापासून गुरुत्वाकर्षणाने खाली पडू लागतो. म्हणून नळी किंचित वर तोंड करून बसवलेली असते आणि छर्रा खालून वर येत डोळ्याच्या रेषेला गाठतो, मग पुन्हा खाली जातो. ठरवलेल्या अंतरावर ही दोन्ही एकाच बिंदूत आणणे म्हणजे ‘झिरो’.

२०० मीटर प्रति सेकंद वेग, दुर्बीण ४ सेंटीमीटर वर आणि २० मीटरवर झिरो, असे धरून हवेचा अडथळा न मोजता केलेला हिशेब असा येतो :

- ५ मीटरवर : छर्रा क्रॉसच्या सुमारे २१ मिलिमीटर खाली
- १० मीटरवर : सुमारे ७ ते ८ मिलिमीटर खाली
- १५ ते २० मीटर : जवळपास क्रॉसवरच, फरक १ मिलिमीटरच्या आत
- ३० मीटरवर : सुमारे १७ मिलिमीटर खाली
- ४० मीटरवर : सुमारे ५८ मिलिमीटर खाली

प्रत्यक्षात हवेच्या अडथळ्यामुळे लांबची घसरण आणखी वाढते. म्हणूनच २० मीटर हे अशा बंदुकीसाठी सोयीचे झिरो अंतर आहे. त्याच्या अलीकडची काही मीटर जागा आपोआप सांभाळली जाते. जाहिरातीतल्या ‘१०० मीटर’ला एअरगनच्या बाबतीत काही अर्थ नाही, हेही या आकड्यांवरून कळते.

झिरो करण्याची पद्धत

१. जागा : मागे माती भरलेली पोती किंवा मातीचा बांध हवा. दगड, विटांची भिंत, लोखंड, कडक लाकूड यांवरून छर्रा उलटून येतो. चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, हे धरूनच दिशा ठरवावी. गच्चीवरून सराव नको. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, बघणाऱ्यांच्याही.

२. बसवणी : खाच आणि रिंगा कोरड्या पुसून घ्याव्यात. डोळा दुर्बिणीपासून साधारण ८ सेंटीमीटरवर ठेवून पूर्ण गोल दिसेल, अशी ती मागे-पुढे करावी. समोर ओळंबा टांगून क्रॉसची उभी रेघ दोरीशी जुळवावी. क्रॉस तिरका राहिला, तर अंतर बदलल्यावर छर्रे बाजूला जातात. स्क्रू एकदम एका बाजूचे न आवळता आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. फार आवळले तर दुर्बिणीची नळी दबते.

३. क्रॉस स्पष्ट करणे : मोकळ्या भिंतीकडे पाहत मागची कडी फिरवून क्रॉस ठसठशीत करावा. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही पाहू नये.

४. आधी १० मीटर : मोठ्या कागदावर एक ठिपका काढून त्यावरच नेम धरावा आणि पाच छर्रे मारावेत. एकेका छर्‍यामागे घुंडी फिरवणे, ही सर्वांत जास्त होणारी चूक. पाच छिद्रांचा घोळका कुठे आहे, त्याचा मध्य धरायचा. १० मीटरवर तो ठिपक्याच्या बरोबर खाली, पाऊण सेंटीमीटरवर आणला, की २० मीटरवर फार काम उरत नाही.

५. क्लिकचा हिशेब : बऱ्याच दुर्बिणींच्या घुंडीवर ‘पाव मिनिट’ लिहिलेले असते. हे मिनिट वेळेचे नाही, कोनाचे आहे. एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. म्हणजे एक क्लिक १०० मीटरवर ७.३, २० मीटरवर सुमारे १.५ आणि १० मीटरवर ०.७ मिलिमीटर सरकवते. उदाहरणार्थ, २० मीटरवर घोळका ३० मिलिमीटर खाली आणि १५ मिलिमीटर डावीकडे असेल, तर वरची घुंडी २० क्लिक ‘वर’ आणि बाजूची १० क्लिक ‘उजवीकडे’. घुंडीवरचा बाण छर्रा कुठे न्यायचा आहे ती दिशा दाखवतो.

६. मग २० मीटर : पुन्हा पाच छर्रे, पुन्हा दुरुस्ती. घोळका ठिपक्यावर आला, की आणखी पाच मारून खात्री करावी.

७. चौकोनाची चाचणी : नेम एकाच ठिपक्यावर ठेवून ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असे प्रत्येक वेळी तीन छर्रे मारावेत. २० मीटरवर साधारण ६ सेंटीमीटरचा चौकोन तयार होऊन शेवटचे छर्रे मूळ जागी परत यायला हवेत. आले नाहीत, तर घुंड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. अशी दुर्बीण एकदा झिरो करून तशीच ठेवणे बरे.

एवढे करूनही नेम लागत नसेल तर?

दोष दुर्बिणीला देण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, पकड. स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली किंवा टेबलाच्या कडेवर टेकवली, की तिची उसळी दर वेळी वेगळी होते. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर बंदूक नुसती विसावू द्यावी. दर वेळी तोच तळवा, तीच जागा.

दुसरी, छर्रे. वजन आणि आकार बदलला की घोळका सरकतो. ज्या डब्यातल्या छर्‍यांनी झिरो केले, त्याच प्रकारचे पुढे वापरावेत. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नयेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

तिसरी, स्क्रू. शंभरेक छर्‍यांनंतर माउंटचे आणि बंदुकीच्या दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. माउंटच्या मागे पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवली, तर तो सरकला का ते लगेच कळते.

चौथी, ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. भर उन्हात ठेवलेल्या बंद गाडीत दुर्बीण विसरली, तर आतली सीलबंदी बिघडून पुढे पावसाळ्यात भिंगावर वाफ धरते. पीसीपीमध्ये तापमानाने हवेचा दाब बदलतो. सरावाला सकाळची वेळ चांगली. तेव्हा वाराही कमी असतो. जानेवारीत केलेले झिरो मेमध्ये एकदा पुन्हा तपासून घ्यावे.

थोडक्यात

- घरच्या सरावासाठी एअरगनला चालणारी, जवळ फोकस होणारी ४×३२ दुर्बीण पुरेशी. जास्त पट म्हणजे जास्त नेम नव्हे.
- झिरो २० मीटरवर. पाच छर्‍यांचा घोळका पाहूनच घुंडी फिरवायची.
- ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण तिने ससा, तितर, रोही, रानडुक्कर यांवर नेम धरणे हा गुन्हाच आहे, छर्रा लागो वा चुको.
- पिकाचे नुकसान होत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार आणि १९२६ वर फोन.
- स्पर्धेत उतरायचे असेल तर दुर्बीण लागतच नाही; आधी प्रशिक्षक शोधा.